डावऱ्यांचं जहाज

“अगं, पडदा ओढ ना! सगळा उजेड आत येतोय!”

“ओढतेय रे! दोरी अडकलीय कुठेतरी!”

“दोरी अडकलेली नाहीये. दोरीला चिमटी लोंबकळतेय!”

तेवढ्यात दोरी सुटली, पडदा सर्रकन बंद झाला आणि अंधारात धप्प असा आवाज आला. पाठोपाठ कुणीतरी खुदकन हसलं. ती चिमटीच. पडल्यावर सगळी मुलं रडतात, ही हसायची!

सुट्टी लागल्यापासून तिघांची दुपार याच खोलीत जात होती. जहाजांच्या संग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक अरुंद जिना होता आणि तो चढून गेलं की ही लांबट खोली. भिंतीशी पत्र्याच्या गोल डब्यांच्या चळती, मधोमध काळा लोखंडी प्रोजेक्टर आणि खिडकीजवळच्या टेबलावर मावशीचा संसार: कात्री, पांढरे हातमोजे, भिंग, चिकटपट्टी आणि ओठांना लावायच्या मलमाची चपटी डबी. जुन्या, तुटक्या फिल्मा जोडून पुन्हा चालत्या करणं हे मावशीचं काम. फिल्मची कुठली बाजू चित्राची आणि कुठली नुसत्या पट्टीची, हे ती डोळ्यांनी बघायचीच नाही. फिल्मचं टोक अलगद ओठाला लावायची.

“चित्राची बाजू ओठाला किंचित चिकटते,” ती सांगायची. “डोळे फसतात, ओठ फसत नाहीत!”

मावशी म्हणजे प्रोफेसरची आणि चिमटीची आई. प्रोफेसरला हे नाव पडलं ते चष्म्यामुळे नव्हे, तर त्याचं प्रत्येक वाक्य ‘खरं म्हणजे’ने सुरू व्हायचं म्हणून. चिमटी त्याची धाकटी बहीण. एवढीशी, पण चावरी. आणि सुट्टीला आलेली त्यांची मावसबहीण म्हणजे डावरी.

डावरी हे नाव तिच्या वर्गानं ठेवलं होतं, तेही चिडवायला. ती डाव्या हातानं लिहायची, डाव्या हातानं चेंडू टाकायची. बाकावर शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागायचं. हस्तकलेच्या तासाला शाळेतली कात्री तिच्या हातात कागद कापायची सोडून नुसता चुरगाळायची. आणि घरी आलेला पाहुणा “अगं, उजव्या हातानं घे की!” असं म्हटल्याशिवाय जायचा नाही. आधी ती रडली, मग चिडली, मग तिला सवय झाली. पण सवय झाली म्हणून टोचायचं थांबतं थोडंच?

“झालं का तुमचं?” मावशी म्हणाली. “तेच रीळ पुन्हा? कंटाळा कसा येत नाही गं तुला?”

“नाही येत,” डावरी म्हणाली आणि सिनेमाच्या पांढऱ्या पडद्याच्या अगदी समोर मांडी घालून बसली.

प्रोजेक्टर कुरकुरला. उजेडाच्या झोतात धुळीचे कण पोहू लागले. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. हा फार जुना वार्तापट होता. घरोघरी टीव्ही नव्हते तेव्हा सिनेमाच्या आधी थिएटरात अशा बातम्या दाखवायचे. एक भारदस्त आवाज छाती फुगवून बोलू लागला:

“प्रेक्षकहो! सात समुद्र पालथे घातलेलं हे शिडाचं जहाज आता कायमचं विसावणार आहे! ते मोडीत निघणार नाही! त्याचं होणार आहे संग्रहालय! चला, पाहू या...”

खट्! रिळातला एक सांधा प्रोजेक्टरमधून गेला. चित्र उडी मारून धूसर झालं आणि त्या आवाजाची नुसती घरघर झाली. मावशीनं सवयीनं आवाज बंद केला आणि भिंग फिरवून चित्र जरा नीट केलं.

“इथून पुढे आवाज गेलाय बिचारीचा,” ती म्हणाली. “म्हातारी फिल्म आहे. चालायचंच.”

“आणि गांडूळ आलं!” चिमटी ओरडली. पडद्याच्या कडेला एक पांढरी रेघ वळवळत, थरथरत होती. सांध्यानंतर ती रोज यायची आणि चिमटी रोज ओरडायची.

पण डावरीला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी खरी गंमत आत्ता सुरू होत होती. पडद्यावर धुकं पसरलं होतं. धुक्यात पाणी नसलेली एक खोल दगडी गोदी, आणि तिच्यात टेकू लावून उभं असलेलं ते प्रचंड जहाज. शिडं उतरवलेली, उंच डोलकाठ्या धुक्यात अर्ध्यावर विरघळून गेलेल्या. जहाजाच्या कुशीला खोलीएवढं भगदाड पाडलेलं आणि त्यातून माणसं जहाजाच्या पोटात वजनासाठी भरलेले दगड बाहेर काढत होती. मग सुतार आले. ते लाकूड तासत होते, ठोकत होते, नव्या फळ्या बसवून भगदाड बुजवत होते. सगळं अगदी निःशब्द, झोपेत दिसावं तसं. हातोडे पडायचे, पण आवाज यायचा नाही. माणसं तोंड उघडून ओरडायची, पण शब्द धुक्यातच राहायचे.

आणि ती सगळी माणसं डावखुरी होती!

हे डावरीनं पहिल्याच दिवशी टिपलं होतं. हातोडा डाव्या हातात. करवत डाव्या हातात. टोपी काढून घाम पुसायचा तो डाव्या हातानं. एक अख्खं जहाज, आणि त्याच्याभोवती सगळे तिच्यासारखे! त्या दिवसापासून ती रोज डोळे मिटले की त्या गोदीत उतरायची. तिथे कुणाचं कोपर कुणाला लागत नसे. कुणी कुणाला काही म्हणत नसे. कात्र्यासुद्धा तिथे डावऱ्याच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

“ती बघ, माझी ती,” डावरी पुटपुटली.

शिडाच्या कापडाच्या ढिगावर डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई बसली होती. ती फाटलेलं शीड शिवत होती. एवढ्या सगळ्यांत ती एकटीच उजव्या हातानं सुई ओढत होती.

“बिचारी! सगळ्या डाव्यांत एकटी उजवी,” डावरी म्हणाली. “तिला काय काय म्हणून चिडवत असतील ना?”

“खरं म्हणजे ती चिडलेली दिसत नाही,” प्रोफेसर म्हणाला. “आत्ता हसेल बघ.”

आणि खरंच, पडद्याबाहेरच्या कुणीतरी तिला काहीतरी म्हटलं असावं. तिनं चटकन मान वर केली, सरळ या तिघांकडे पाहिलं आणि मनापासून हसली. रीळ संपलं.

“काय म्हणाले असतील तिला?” डावरीनं विचारलं. रोज विचारायची तसंच.

“म्हणाले असतील, जेवायला चल!” चिमटी म्हणाली. तिचीही ही रोजचीच अटकळ होती.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि उजेडाबरोबर साहेब आत आले. साहेब म्हणजे संग्रहालयाचे संचालक. गोल पोट, त्यावर घट्ट बटणांचा कोट आणि सदा घाई.

“ताई, उद्या सकाळी हीच फिल्म पाहुण्यांना दाखवायची! मी स्वतः समजावून सांगणार. फिल्म संपली, टाळ्या पडल्या, की खाली मिस्त्री करवत चालू करतील. टाळ्या हीच खूण! काय कल्पना आहे की नाही?”

“करवत? कशावर?” डावरी दचकली.

“थोरलीवर! दुसऱ्या कशावर?”

थोरली म्हणजे तेच पडद्यावरचं जहाज. ते अजूनही खिडकीखालच्या गोदीत उभं होतं आणि सगळे त्याला थोरली म्हणत.

“घाबरू नकोस गं,” मावशी म्हणाली. “चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना जहाजाच्या पोटात जाता येत नाही ना, म्हणून त्यांच्यासाठी दार करायचंय. चांगलं काम आहे. फक्त एक अट आहे. जुन्या लाकडाला हात लावायचा नाही. भगदाड बुजवताना ज्या नव्या फळ्या घातल्या, तेवढ्याच कापायच्या.”

“पण त्या फळ्या कुठल्या, ते कसं कळणार?” प्रोफेसरनं विचारलं. “बाहेरून सगळी काळी तर दिसते!”

“रंगावर रंग चढलेत ना! म्हणून तर ही फिल्म!” साहेबांनी पडद्यावर बोट नाचवलं. “जहाजाचं नाक पडद्यावर डावीकडे. म्हणजे आपल्याला दिसते ती डावी कूस. भगदाड डाव्या कुशीला! मिस्त्रींनी खडूनं चौकटसुद्धा आखलीय. फिल्म कधी खोटं बोलत नाही, बाळांनो!”

आले तसेच ते गेले.

तिघंही लगोलग जिना उतरून गोदीत गेली. दगडी तळाला उभं राहून वर पाहिलं की थोरलीची कूस एखाद्या भिंतीसारखी अंगावर यायची. उन्हात डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास सुटला होता. डोलकाठ्यांवरचे दोर वाऱ्यानं हळूच गुणगुणत होते. पाणी नसतानाही ती तरंगतेय असं डावरीला वाटलं. डाव्या कुशीवर पांढऱ्या खडूची चौकट स्वच्छ दिसत होती.

मिस्त्रीकाका चौकटीपाशी उभं राहायला लाकडी परांची बांधत होते. जाडजूड मिशा, कानावर पेन्सिल.

“काका, चुकून जुनी फळी कापली गेली तर?” डावरीनं विचारलं.

“तर संपलं! ही तिच्या जन्माच्या वेळची लाकडं. असं झाड आता शोधून सापडायचं नाही. करवत एकदा चालली की माघार नाही. पण मी कशाला चुकेन? खूण तुमच्या साहेबांची, हात माझा!” त्यांनी हातोडा उचलून एक खिळा ठाण्णकन आत घातला. उजव्या हातानं.

डावरी त्या हाताकडे पाहत राहिली. “काका, तुमच्या माणसांत डावखुरे कितीजण आहेत?”

“एक होता मागे. का गं?”

“जुन्या काळी पुष्कळ असायचे का?”

मिस्त्रीकाका मिशीतल्या मिशीत हसले. “पुष्कळ? उलट तेव्हा कुणी डावा निघाला तर हातावर छडी मारून त्याला उजवा करायचे! तू आज जन्मलीस ते बरं.”

डावरीनं आपला डावा हात पाठीमागे घेतला. तिनं काहीतरी ओळखलं होतं, पण ते तिला ओळखायचं नव्हतं. तेवढ्यात चिमटी रडकुंडीला येऊन म्हणाली, “दादाचा जुना सदरा मला नको! याची बटणं उलटी आहेत. लागतच नाहीत! आईच्या कोटाची बटणं कशी सरळ असतात. त्या सिनेमातल्या काकांनीपण आईसारखेच कोट घातलेत, मग मलाच का...”

“काय म्हणालीस?” प्रोफेसर गर्रकन वळला. “त्या सुतारांच्या कोटाला आईसारखी बटणं आहेत?”

“मी रोज बघते. तुम्ही नुसते हात बघता!”

प्रोफेसर ‘खरं म्हणजे’ म्हणायलाच विसरला. त्याच्या घरात बायकांच्या कोटांची बटणं एका बाजूला आणि पुरुषांच्या सदऱ्यांची दुसऱ्या बाजूला होती. मग गोदीतले सगळे पुरुष बायकांचे कोट घालून कसे आले? त्यानं डावरीला ओढतच पहारेकऱ्याच्या खोलीच्या काचेसमोर नेलं. “हात वर कर!”

डावरीनं डावा हात वर केला. काचेतल्या मुलीनं उजवा केला.

“फिल्म उलटी आहे!” प्रोफेसर ओरडला. “आरशात दिसते तशी! सगळं डावं ते उजवं, उजवं ते डावं! म्हणजे भगदाड...”

“उजव्या कुशीला होतं,” डावरी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

प्रोफेसर नाचायचाच बाकी होता. डावरी मात्र काचेकडेच बघत उभी राहिली. तिचं जहाज गेलं होतं. तिची सगळी माणसं एका क्षणात उजवी झाली होती. तिला फार फार वाईट वाटलं. क्षणभर तिच्या मनात आलं, आपण बोललोच नाही तर? ते तसेच राहतील की, धुक्यात, डावे.

मग तिनं थोरलीच्या काळ्या फळीवर तळवा टेकला. फळी उन्हानं ऊबदार झाली होती.

“चला साहेबांकडे,” ती म्हणाली. “लवकर!”

साहेब आरशासमोर उद्याच्या भाषणाची तालीम करत होते आणि मावशी पाहुण्यांच्या खुर्च्यांचा हिशेब लावत बसली होती. मुलांचं ऐकून घेऊन साहेब पोट धरून हसले.

“अरे विद्वानांनो! फिल्म उलटी असती, तर सुरुवातीची अक्षरं उलटी नसती का दिसली? दिसतात का उलटी?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. अक्षरं तर सरळ होती!

“आणि ती फिल्म मी स्वतः जोडलीय रे,” मावशी म्हणाली. तिला जरा लागलंच होतं. “ओठाला लावून बघितल्याशिवाय मी एक सांधा घालत नाही.” आणि सवयीनं तिनं डबी उघडून ओठांवर मलम फिरवलं.

“बिस्किटं खा आणि पळा!” साहेबांनी निकाल दिला.

तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर बिस्किटं खात बसली. प्रोफेसरचं तोंड एवढंसं झालं होतं. डावरी डोळे मिटून रीळ मनातल्या मनात चालवत होती. तिला ते पाठच होतं. अक्षरं... भारदस्त आवाज... खट्...

“सांधा!” ती ताडकन उठली. “अक्षरं सरळ आहेत, पण ती सांध्याच्या आधी! चित्र धूसर होतं ते सांध्यानंतर. आवाज जातो तो सांध्यानंतर. गांडूळ येतं तेही सांध्यानंतर! पुढचा तुकडाच उलटा जोडला गेलाय!”

“खरं म्हणजे... अगं, खरंच की! चल, रीळ उघडून बघू!”

“नाही. मावशीनं रिळांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.” डावरी पुन्हा खाली बसली. “आणि आपण दहा वेळा सांगितलं तरी साहेब हसणारच. हे साहेबांनीच सर्वांसमोर दाखवायला हवं. स्वतःच्या हातानं!”

“ते कसं?”

“तू ढ हो,” डावरी म्हणाली. “उद्या सकाळपुरता.”

प्रोफेसरला आयुष्यात एवढं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी लांबट खोली पाहुण्यांनी गच्च भरली. साहेब हातात छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले. मावशीनं प्रोजेक्टर चालू केला. अक्षरं आली, आवाज आला, खट् झालं, गांडूळ आलं. धुक्यातून थोरली उगवली आणि पाहुणे “वा!” म्हणाले. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सुतार दिसू लागले तसा प्रोफेसर उभा राहिला आणि जमेल तेवढं बावळट तोंड करून म्हणाला, “साहेब, मला काही कळत नाही. ते काका लाकूड कसं तासतात? तुम्ही करून दाखवाल का? तुम्हाला तर सगळं येतं!”

साहेब हरभऱ्याच्या झाडावर चढायला तयारच होते. “ताई, चित्र जरा थांबवा! हे पाहा, याला म्हणतात वाकस.” त्यांनी मांडणीवरून सुताराचं ते वाकडं हत्यार उचललं. “अस्सा धरायचा, अस्सा मारायचा. पडद्यावरच्या या माणसासारखा, हुबेहूब!”

“हुबेहूब नाही,” पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. “त्याचा डावा हात आहे. तुमचा उजवा.”

“असेल तो डावखुरा!”

“मग त्याच्या शेजारचाही? आणि पलीकडचाही?” डावरीनं विचारलं.

“आणि साहेब, तुमचा कोट बघा, त्यांचा कोट बघा!” चिमटी खुर्चीवर चढून ओरडली. “त्यांनी माझ्या आईचा घातलाय!”

साहेबांनी आपल्या बटणांकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा बटणांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही झाला, की सगळी खोली खो खो हसत सुटली आणि कुणीतरी जोरात टाळ्या पिटल्या. मग सगळ्यांनीच पिटल्या!

टाळ्या! त्याच क्षणी खालून आवाज आला, घर्रर्रर्र...

“करवत चालू झाली!” पडद्याच्या दोरीला लोंबकळून चिमटीनं खिडकी गाठली होती. “काका! थांबा! या टाळ्या त्या टाळ्या नाहीत!”

तिचा चिरका आवाज खालपर्यंत पोचेल तर शपथ! डावरी दारातून सुटली. जिना तिनं कसा उतरला ते तिलाच कळलं नाही. गोदीच्या दगडी पायऱ्यांवर ती घसरली, उठली, परांचीवर चढली आणि दोन्ही हात पसरून खडूच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

“ए पोरी! वेड लागलं का?” मिस्त्रीकाकांनी करवत झटकन मागे घेतली आणि बंद केली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “हात तुटला असता ना!”

“ही कूस नाही, काका,” डावरी धापा टाकत म्हणाली. “दुसरी! फिल्म उलटी जोडलीय.”

वर खोलीत मावशीनं रीळ प्रोजेक्टरमधून काढून खिडकीच्या उजेडात धरलं होतं. चित्रांच्या एका कडेनं एक बारीक नागमोडी रेघ पळत होती. सांध्यापाशी ती रेघ टुणकन दुसऱ्या कडेला गेली होती.

“हेच तुझं गांडूळ, चिमटे,” मावशी हळूच म्हणाली. “हा आवाज आहे. फिल्मवर आवाज असा रेघेत उमटवलेला असतो. तुकडा उलटा लागला, म्हणून रेघ भलत्या कडेला गेली. मशीनला आवाज वाचता येईना, आणि आपण तो नुसता बघत बसलो.”

तिनं फिल्म ओठांकडे नेली आणि मध्येच थांबली. रुमालानं ओठ स्वच्छ पुसले. मग फिल्मची एक बाजू लावली, दुसरी लावली.

“गेल्या हिवाळ्यात माझे ओठ फुटले होते,” ती म्हणाली. “दिवसभर मलम. त्या मलमाला दोन्ही बाजू चिकटल्या असणार! आणि मी म्हणत राहिले, ओठ फसत नाहीत. चूक माझी आहे, साहेब. सर्वस्वी माझी.”

डावरी तेवढ्यात धापा टाकत वर आली होती. मावशीचा चेहरा पाहून तिचा जीव कसानुसा झाला. पण मावशीनं तिलाच जवळ ओढलं. “तू वाचवलंस गं मला. उद्या मी या जहाजाला तोंड कसं दाखवलं असतं?”

थोड्याच वेळात सारी मंडळी गोदीत, थोरलीच्या उजव्या बाजूला जमली. मिस्त्रीकाकांनी काळ्या रंगाचे थर खरवडले. खाली फळी दिसली. आणखी खरवडलं, तेव्हा एक सरळ, उभी फट दिसली. फटीच्या एका अंगाला जुन्या फळ्या होत्या, लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. दुसऱ्या अंगाला लोखंडी बोल्ट होते, गंजून लाल झालेले.

“सापडलं!” मिस्त्रीकाका गरजले. “बुजवलेलं भगदाड हेच! आणि मी तिकडे तिच्या जन्माच्या लाकडावर करवत धरली होती!” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून डावरीच्या पुढे केली. “नवी चौकट तू आख. कुठल्या हातानं ते तुझं तू बघ!”

डावरीनं डाव्या हातानं चौकट आखली. रेघ थोडी वाकडी गेली, पण ‘उजव्या हातानं घे की!’ असं कुणी म्हणालं नाही. साहेबांनी घसा खाकरला.

“मंडळी, मी म्हणालो होतो, फिल्म खोटं बोलत नाही. ते खरंच आहे. पण मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. या तीन मुलांनी बघितलं. मी त्यांना बिस्किटं देऊन हाकललं होतं, याची मला लाज वाटते.” मग ते वाकून प्रोफेसरला म्हणाले, “आणि तू! एवढं ढ तोंड कसं काय जमलं रे तुला?”

“खरं म्हणजे फार कठीण गेलं, साहेब!”

सगळे हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या, पण या वेळी मिस्त्रीकाकांनी आधी करवतीची वायर काढून ठेवली होती.

दुपारी पाहुणे गेल्यावर मावशीनं तो सांधा सोडवला. तुकडा उलटवला, ओठाला लावून पाहिला, नवी चिकटपट्टी लावली. मलमाची डबी तिनं कपाटात ठेवून दिली होती. तिघांनी पडदे ओढले. डावरी पडद्यासमोर बसली, पण आज तिला बघावंसं वाटत नव्हतं.

खट्! या वेळी चित्र धूसर झालं नाही. गांडूळ आलं नाही. आणि खोलीत एकदम आवाज भरला! हातोडे ठणठणत होते, दगड गडगडत होते, समुद्रपक्षी कर्कश ओरडत होते, कुणीतरी खोकत होतं. इतकी वर्षं मुकी असलेली ती गोदी बोलू लागली होती. चिमटी आईला चिकटून बसली.

थोरलीचं नाक आता उजवीकडे होतं. सुतार उजव्या हातानं ठोकत होते. सगळेच्या सगळे. डावरीनं गुडघ्यांत हनुवटी खुपसली. त्यांना मनातल्या मनात ‘जा आता’ म्हणावं असं तिनं ठरवलं होतं, पण तेही म्हणवेना.

मग शिडाच्या ढिगावरची ती बाई आली.

डावरी ताठ बसली. ती बाई सुई ओढत होती, डाव्या हातानं! एवढ्या सगळ्या उजव्यांत ती एकटी. जाड कापडातून दोरा सरसर निघत होता. हातावर छडी मारूनही कुणाला तिला बदलता आलं नव्हतं. कापडावरचे टाके सुबक होते, एकसारखे.

आणि पडद्याबाहेरून, कितीतरी वर्षांपलीकडून, कुणाचा तरी खेळकर आवाज आला:

“ए डावरे, इकडे बघ की!”

तिनं चटकन मान वर केली, सरळ डावरीकडे पाहिलं आणि मनापासून हसली.

रीळ संपून फडफडू लागलं. प्रोफेसरला चष्मा पुसायचा होता म्हणून तो पुसत बसला.

“म्हणजे जेवायला नव्हतं बोलावलं,” चिमटी शेवटी म्हणाली.

“डावरे,” मावशीनं अंधारातून हाक मारली, “दिवा लाव गं.”

नाव तेच होतं. पण आज ते टोचलं नाही, कुठेच नाही. डावरीनं हसत मान वर केली आणि भिंतीवरचं बटण चाचपायला तिचा डावा हात पुढे गेला.